आरएक्सचा पुढचा शॉकअप परत परत गळतोय? सीलच्या आधी पाईप बघा

"सील गेलंय परत." शॉकअपच्या, म्हणजे पुढच्या चाकाचे झटके झेलणाऱ्या त्या दोन पायांच्या, तेल अडवणाऱ्या रबराबद्दल हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता गाडी न बघताच विचारतो, मागच्या वेळी सील बदलताना पाईपवरून नख फिरवून बघितलेलं काय? समोरचा बहुतेक वेळा "नख? कशाला?" असंच म्हणतो, आणि तिथंच सगळी गोम आहे.

एकदा सील गेलं तर समजू शकतो. रबर आहे, म्हातारं होणारच. यामाहाची आरएक्स १०० आपल्याकडं १९८५ला आली आणि १९९६ला बंद झाली, म्हणजे सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता तिशीला टेकली. खरं नवीन टाकलेलं सील दोन महिन्यात गळलं, परत बदललं, परत गळलं, तर दोष सीलचा नसतो, ते फक्त बोंब मारतंय. दोष पाईपात असतो, बॉटममध्ये असतो, टीमध्ये असतो, नाहीतर बसवणाऱ्याच्या हातात.

मी काय धंदेवाईक मेकॅनिक नव्हे. शिरोली एमआयडीसीत नोकरी आणि रविवारी हात काळे करायचा नाद. हे शॉकअप प्रकरण मी स्वतःच्याच गाडीवर शिकलो. २०१९च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी कोल्हापूर शहरात शिरलं तेव्हा माझी आरएक्स मित्राच्या दारात, शुक्रवार पेठेत अडकलेली. पाणी उतरल्यावर इंजिन खोललं, कार्बोरेटर धुतला, टाकी साफ केली, वायरिंग वाळवलं, म्हणजे जे बंद पडेल असं वाटत होतं ते सगळं केलं आणि शॉकअप नुसता फडक्यानं पुसला, कारण तो काय बंद पडत नाही. दिवाळीला डावीकडून गळायला लागला. गॅरेजला सील बदलून घेतलं. संक्रांतीला परत. परत बदललं. तिसऱ्यांदा मी गॅरेजवाल्याशी भांडून आलो, तुझं सील डुप्लिकेट आहे म्हणून. चौथ्यांदा स्वतःच खोलला आणि पाईपवर बोट फिरवल्यावर मोहरीच्या दाण्याएवढा गंजाचा खड्डा हाताला लागला, नेमका सील जिथं वरखाली घासतं तिथं. त्या माणसाशी उगाच भांडलो हे नंतर जाऊन कबूल केलं, चहा पाजला, तेव्हापासून तो मला नवनवीन गळके शॉकअप पाठवतो.

आधी शब्द एकदा सरळ करून घेऊ म्हणजे गोंधळ नको. पाईप म्हणजे वरची क्रोमची चकचकीत नळी. बॉटम म्हणजे खालचा ॲल्युमिनियमचा भाग, ज्यात पाईप वरखाली होतो. टी म्हणजे हॅन्डलखालची ती दोन्ही पाईप पकडून ठेवणारी कैची, वरची एक आणि खालची एक. कोनसेट म्हणजे हॅन्डल ज्या गोळ्यांवर फिरतं ते. सील बॉटमच्या तोंडाशी बसतं आणि त्याचं काम एवढंच की तेल आत ठेवायचं आणि घाण बाहेर. झटका झेलते ती स्प्रिंग, आणि तो झटका जिरवतं ते तेल, बारीक भोकांतून मागंपुढं ढकललं जाऊन. त्यामुळं तेल कमी झालं की गाडी लगेच पडत नाही पण पुढचं चाक पाळण्यासारखं झुलायला लागतं.

बुलेट आणि येझदीवाल्यांनी पुढचं जरा जपून वाचा. बघायचं काय ते सगळीकडं तेच आहे, खोलायची पद्धत वेगळी आहे.

लक्षणं काय दिसतात

पाईपवर तेलाचा गोल कडा दिसतो आणि त्यावर धूळ बसून काळं होतं. नुसतं हात लावल्यावर ओशट लागणं हा दोष नव्हे, पाईपवर तेलाचा पातळ थर राहायलाच पाहिजे नाहीतर सील कोरडं घासून मरेल. पण थेंब ओघळून बॉटमवर आला असेल तर गळती.

स्पीडब्रेकरवर पुढून "खट्ट" आवाज येतो, म्हणजे शॉकअप शेवटपर्यंत बसतोय. तेल कमी असेल, स्प्रिंग बसली असेल, नाहीतर दोन्ही.

पुढचा ब्रेक दाबताना "टक" असा एकच आवाज येतो आणि हॅन्डलला तो कळतो. हा निम्म्या वेळा शॉकअपचा नसतोच, कोनसेटचा असतो. खाली सांगतो कसं ओळखायचं.

दाबल्यावर खाली जातो पण वर यायला आळस करतो, अडकत अडकत येतो. इथं कान टवकारा. हे पाईप वाकल्याचं किंवा दोन्ही पाय एकमेकांना पिळत असल्याचं लक्षण, आणि अशा गाडीत तुम्ही सोन्याचं सील टाकलं तरी ते एका बाजूनं झिजणार.

गाडी सरळ रस्त्यावर एका अंगाला ओढते. अपघात झालेली गाडी असेल तर खालच्या सगळ्या तपासण्या सोडून सरळ शेवटच्या भागावर जा.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे बॉटमवरून ओघळलेलं तेल पुढच्या ब्रेकच्या ड्रमवर आलंय. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. आतल्या लायनरला, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीला, तेल लागलं की पुढचा ब्रेक नावालाच उरतो. पेट्रोलनं धुवून, पॉलिश पेपरनं घासून लायनर परत वापरणारे बघितलेत मी, खरं लायनर तेल पिऊन बसलेला असतो आणि गरम झाला की परत सोडतो. नवीन टाका.

फुकटातल्या तपासण्या

सुरुवात पुसण्यापासून. दोन्ही पाईप, दोन्ही बॉटम रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्यानं स्वच्छ करा, मग कोरड्या पांढऱ्या फडक्यानं. रंकाळ्याला एक-दोन चकरा मारा आणि परत पांढरं फडकं फिरवा. यानं दोन गोष्टी कळतात, गळती कुठल्या बाजूला आहे आणि कुठून आहे. वरून, पाईपच्या कडेनं येतंय तर सीलचा विषय. बॉटमच्या अगदी बुडातून, ॲलन बोल्टजवळून (डोक्यात सहा कोनी खाच असलेला बोल्ट) थेंब येतोय तर सीलचा काही संबंध नाही, तिथला तांब्याचा वॉशर गेलाय. हा वॉशर स्वस्तातला आणि मी दोनदा बघितलंय की लोकांनी त्यासाठी अख्खा शॉकअप खोलून वरचं सील बदललं आणि गळती तशीच.

मग पुढच्या मडगार्डचे बोल्ट ढिले करा. हे कुणी करत नाही. मडगार्ड दोन्ही बॉटमना जोडलेलं असतं. बाजारात मिळणारं मडगार्ड किंवा वाकलेली पट्टी असेल तर भोकं जुळत नाहीत आणि मग माणूस स्क्रूड्रायव्हर घालून ओढून बोल्ट बसवतो. झालं, आता दोन्ही पाय कायमचे एकमेकांकडं ओढलेले. बोल्ट काढल्यावर भोकं टणकन बाजूला सरकली तर चोर सापडला. भोकं कानशीनं मोठी करा, काम संपलं.

तसंच एक्सलचं. चाक पंक्चरला काढलेलं असतं आणि पंक्चरवाला आपला घाईत, गाडी स्टँडवर असतानाच एक्सल करकचून आवळतो. बरोबर पद्धत अशी की एक्सलचा नट हातानं बसवायचा, बॉटमला क्लॅम्पचा बोल्ट असेल तर तो ढिला ठेवायचा, गाडी स्टँडवरून उतरवायची, पुढचा ब्रेक धरून शॉकअप पाच-सहा वेळा चांगला दाबायचा म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी येऊन बसतात, आणि मग आवळायचं. आडकून आडकून चालणारा शॉकअप एवढ्यावर सुरळीत झालेला मी बघितलाय.

आता एक्स-रेची फिल्म. घरात कुणाचा तरी जुना एक्स-रे असतोच. त्याची बोटभर रुंद पट्टी कापा, टोकाला छोटा आकडा कापा, बॉटमवरचं धुळीचं रबर वर सरकवा आणि पट्टी पाईप आणि सीलच्या मधून हळूच खाली घालून गोल फिरवत वर ओढा. सीलच्या ओठाखाली अडकलेला वाळूचा कण, गंजाची कपची बाहेर येते. ऊसाच्या हंगामात तर गावाकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरनं आणलेला चिखल वाळून धूळ होते आणि ती सगळी इथं जाते. दोन-तीनदा करा, पुसा, दोन दिवस चालवून बघा. थांबली गळती तर थांबली. सुई, दाभण, स्क्रूड्रायव्हर असलं काही तिथं घालू नका, ओठ फाटला की मग फिल्मनं काही होत नाही. आणि हो, वॉशिंग सेंटरवाल्याला सांगा की प्रेशरची नळी शॉकअपच्या तोंडावर धरू नको. धूळ बाहेर काढण्याऐवजी तो ती आत मारतो. "गाडी धुतली आणि आठवड्यात सील गेलं" यात योगायोग काही नाही.

कोनसेट. गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा, पुढचं चाक हवेत. समोर बसून दोन्ही बॉटम धरा आणि पुढंमागं हलवा. दुसऱ्या कुणाला तरी खालच्या टीच्या आणि फ्रेमच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. बोटाला हालचाल कळली तर कोनसेट ढिला. बोटाला काही नाही पण पाईप बॉटममध्ये हलतोय असं दिसलं तर घसारा शॉकअपच्या आत. मग हॅन्डल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूच फिरवा, बरोबर मध्ये आल्यावर खाचेत बसल्यासारखं वाटलं तर वाट्यांना खड्डे पडलेत, गोळ्या-वाट्या सगळा सेट बदलायचा. नुसता आवळून ती खाच जात नाही, उलट जास्त जड होते. एवढं आधी का बघायचं, तर ढिल्या कोनसेटचा "टक" ऐकून लोक शॉकअप खोलतात.

एक रविवार आणि थोडे पैसे

इथून पुढं खोलायचं आहे. पण खोलायच्या आधी अजून एक तपासणी राहिली, आणि माझ्या मते या सगळ्या लेखात हीच कामाची.

पाईपला प्लास्टिकचा झिप टाय बांधा, बॉटमच्या तोंडाला टेकून, घट्ट नाही, सरकेल इतपत. गाडी घेऊन नेहमीच्या खराब रस्त्यावरनं फिरून या. टाय जितका वर सरकला तितकी सीलची ये-जा. आता त्या पट्ट्यात, बॉटमपासून टायपर्यंत, अंगठ्याचं नख उभं आडवं फिरवा, सगळीकडून, मागच्या बाजूनंही. मागची बाजू इंजिनाकडं असते म्हणून तिथं कुणी बघत नाही आणि समोरची बाजू दगड खाते. नख कुठं अडलं तर तिथं खड्डा. प्रत्येक वेळी सील त्या खड्ड्यावरून गेलं की खड्ड्यात बसून थेंबभर तेल बाहेर येतं आणि वरून खड्ड्याची धार ओठ कापत राहते. टायच्या वर, टीपर्यंत कितीही गंज असू दे, दिसायला वाईट, पण गळतीशी त्याचा संबंध नाही. तिथल्या गंजाला घाबरून नवीन पाईप घेणारेही आहेत.

पाईप झाकणारे रबराचे लांब गेटर लावलेले असतील तर ते वर करून बघाच. पावसाळ्यात गगनबावड्याकडं जाऊन आलेल्या गाडीच्या गेटरात पाणी आणि चिखल बसून राहतो आणि बाहेरून गाडी एकदम झकास दिसते.

खड्डा एक-दोन आणि बारीक असेल तर मलमपट्टी होते. गंज टोकदार वस्तूनं कोरून काढा, थिनरनं पूर्ण ओशटपणा घालवा, दोन भागांचा इपॉक्सी गोंद खड्ड्यात भरा, एक दिवस सुकू द्या आणि मग १००० नंतर १५०० नंबरचा पॉलिश पेपर तेलात बुडवून पाईपला समतल करा. पेपर पाईपच्या भोवती गोल फिरवायचा, वरखाली नाही. उभ्या रेघा पडल्या की त्या तेलाला बाहेर यायच्या वाटा होतात. हे माझ्या गाडीवर दोन पावसाळे टिकलं. क्रोम पापुद्र्यासारखं सुटत असेल तर मात्र असल्या लाडात पडू नका.

आता खोलणं. दोन्ही बाजू एकदम खोलू नका, एक जोडलेली राहू द्या, म्हणजे काय कुठं होतं ते बघायला नमुना राहतो. आणि क्रम पाळा, इथला अर्धा वैताग क्रम चुकल्यानं होतो.

पाईप टीमध्ये असतानाच वरच्या टीची पकड ढिली करून टॉप नट, म्हणजे पाईपच्या वरच्या तोंडाचा नट, नुसता ढिला करून ठेवा, काढायचा नाही. पाईप बाहेर काढल्यावर हा नट ढिला करायला गेलात तर पाईप हातात गोल फिरत राहतो आणि मग माणूस तो पक्कडनं धरतो आणि क्रोमला दात पडतात. मग खालचा ॲलन बोल्ट, तोही स्प्रिंग आत असतानाच ढिला करायचा, कारण स्प्रिंगच्या दाबानं आतला डॅम्पर रॉड जागेवर धरला जातो. त्या बोल्टच्या खाचेत ३० वर्षांचा चिखल ठासलेला असतो, तो खिळ्यानं पूर्ण कोरून काढल्याशिवाय ॲलन की घालू नका, अर्धी बसलेली की फिरली की खाच गोल झाली आणि रविवार संपला. बोल्टबरोबर आतला रॉडही फिरायला लागला तर बांबूची काठी टोकाला निमुळती तासून वरून पाईपात घाला, रॉडच्या तोंडात ठोकून बसवा आणि कुणाला तरी ती दाबून धरायला सांगा. तरी नाही सुटला तर इम्पॅक्ट गन असलेल्या गॅरेजला पाच मिनिटांचं काम आहे, तिथं अभिमान बाळगू नका.

टॉप नट शेवटी काढताना तोंड बाजूला. आत दाबलेली स्प्रिंग आहे, ती नट उडवते. फडकं गुंडाळून, तळहातानं दाबत, सावकाश. आमच्या गल्लीतल्या एकाची हनुवटी यात फुटली आहे.

तेल एका पांढऱ्या डब्यात ओता आणि उन्हात बघा. दुधाळ असेल तर पाणी गेलंय. महापुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं हमखास असं निघतं, आणि पाणी आत बराच काळ राहिलं असेल तर पाईपला आतून गंज आणि स्प्रिंगलाही. चांदीसारखी चमक असेल तर ॲल्युमिनियम झिजतंय, म्हणजे बॉटम आतून खाल्ला जातोय. नुसतं काळं आणि घाण वास म्हणजे फक्त म्हातारं तेल. डबा फेकायच्या आधी एवढं बघितलं तर पुढचं निम्मं निदान झालं.

सील काढताना बॉटमच्या तोंडावर जुनं कापड ठेवून मग रुंद स्क्रूड्रायव्हरनं उचका. त्याआधी वरची सर्कलिप, म्हणजे सील धरून ठेवणारी गोल क्लिप, काढायची, ती गंजली असेल तर तेल मारून चहा पिऊन या. सील जिथं बसतं ती ॲल्युमिनियमची भिंत मऊ असते, तिला उभा ओरखडा पडला की नवीन सील आतून एकदम बरोबर असलं तरी तेल सीलच्या बाहेरच्या अंगानं वर चढतं. आणि मग परत "सील गेलंय". ज्या गाडीचं सील चार ठिकाणी चार वेळा बदललंय त्या गाडीत मी पाईपनंतर पहिल्यांदा हीच भिंत बघतो. बारीक ओरखडा असेल तर पॉलिश पेपरनं धार मोडून, सीलच्या बाहेरच्या अंगाला सिलिकॉनचा अगदी पातळ हात लावून बसवता येतं.

नवीन सील घेताना जुनं घेऊन जा. त्यावर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, तिन्ही जुळले पाहिजेत. आणि इथं माझं मत लोकांना पटत नाही, तरी सांगतो. कंपनीच्या जुन्या पाकिटातलं, नव्वद सालचं, जपून ठेवलेलं ओरिजिनल सील मिळालं म्हणून दुप्पट-तिप्पट पैसे देऊन आणू नका. इंडिकेटर, बॅज, टाकी असल्या गोष्टी जुन्या स्टॉकमधल्या जरूर घ्या. रबर पाकिटातसुद्धा वय वाढवतं. हातात घेऊन ओठ दाबून बघा, कडक आणि चरचरीत लागला तर ते शोकेसमध्ये ठेवायचं. चांगल्या मेकचं ताजं सील दोन प्लेट मिसळीच्या आसपास मिळून जातं.

बसवताना आतल्या बारीक स्प्रिंगची बाजू खाली, तेलाकडं, आकडे लिहिलेली बाजू वर. ओठाला ग्रीस. आणि पाईपच्या तोंडाला धार असते, सील त्यावरून जाताना कापतं, ते दिसतही नाही. गोकुळच्या दुधाची पिशवी धुवून पाईपच्या टोकावर ओढा, त्यावर तेल लावा, त्यावरून सील सरकवा, पिशवी काढून घ्या. सील ठोकायला बरोबर व्यासाचा पीव्हीसी पाईपचा तुकडा, म्हणजे सगळीकडून सारखं खाली जातं. सर्कलिपची खाच पूर्ण गोल दिसली की बसलं. खाच एका बाजूला दिसते, एका बाजूला नाही, तर तिरकं आहे, परत ठोका. ॲलन बोल्टचा तांब्याचा वॉशर नवीन मिळाला तर उत्तम, नाहीतर जुना गॅसवर लाल करून गार करा, तांबं परत मऊ होतं आणि नीट दबून बसतं.

तेल मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढंच आणि त्याच जाडीचं. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा आणि दोन्ही बाजूंना मोजून सारखं घाला. "अंदाजे एवढं" म्हणून ओतणारे लोक गळतीचं एक कारण स्वतः तयार करतात, कारण तेल जास्त झालं की वरची हवेची जागा कमी होते, शॉकअप दाबला की ती हवा जास्त दाबली जाते आणि तो दाब सीलवर येतो. पूर्ण खोलून पुसलेल्या शॉकअपला नुसतं तेल बदलण्यापेक्षा थोडं जास्त लागतं हेही लक्षात ठेवा, कारण नुसतं बदलताना आत थोडं चिकटून राहिलेलं असतं. आणि टू-स्ट्रोक गाडी आहे, घरात टूटी ऑइलचा, म्हणजे इंजिनात पेट्रोलबरोबर जळणाऱ्या तेलाचा, डबा आहे, म्हणून तेच ओतायचं नाही. हसू नका, ओततात.

उद्यमनगरची कामं

पाईप सरळ आहे का हे घरी ढोबळ कळतं. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा सपाट असतो. घरातली माणसं बाहेर गेल्यावर पाईप पुसून त्यावर हळूच लोळवा आणि खालून उजेड बघा. फट लहानमोठी होत फिरली तर वाक आहे. सगळ्यात जास्त वाक खालच्या टीच्या लगेच खाली येतो, समोरून धडक बसल्यावर पाईप तिथंच मान टाकतो. पक्कं बघायचं असेल तर उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापुरातल्या वर्कशॉपच्या वस्तीत, कुठल्याही टर्नरकडं पाईप ठेवायचा व्ही-ब्लॉक आणि वाक मोजायचा डायल असतो, तिथं फिरवून घ्या. डायलचा काटा जेवढा हलतो त्याच्या निम्मा खरा वाक. काट्यावर ०.२ मिमीच्या वर गेलं की मी तो पाईप वापरायचा विचार सोडतो. थोडासा गोलसर वाक प्रेसवर सरळ करणारे कारागीर आहेत आणि चांगलं करतात, पण सुरकुती पडलेला, चेपलेला पाईप सरळ करायचा नसतो, आणि गॅसनं गरम करून सरळ करतो म्हणणाऱ्याकडून पाईप उचलून घरी या. तापवलेला पाईप पुढं कधी कुठं मोडेल हे सांगता येत नाही.

जास्त खड्डे असतील तर दोन वाटा. नवीन पाईप, नाहीतर जुना ग्राइंड करून, हार्डक्रोम करून, परत मापात ग्राइंड करून घेणं. हार्डक्रोम, म्हणजे क्रोमचा कडक थर, बरं का. बंपर आणि सायलेन्सरला करतात तो शोभेचा मुलामा इथं चालत नाही, सील त्याचे पापुद्रे काढतं. नवीन पाईप घेतला तरी व्हर्नियर लावून तीन-चार ठिकाणी माप बघा आणि जुन्या पाईपच्या टीतल्या, न झिजलेल्या भागाशी ताडून बघा.

बॉटमचा घसारा हे जरा वाईट प्रकरण. बऱ्याच लहान गाड्यांत बदलायला सुटा बुशच नसतो, पाईप सरळ ॲल्युमिनियमवर घासतो. बॉटम लंबगोल झाला की पाईप आत हलतो आणि सीलला दर झटक्याला एका बाजूला दाबतो. अशा वेळी चांगला बॉटम शोधणे हाच उपाय, सील बदलत राहणं म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरणं.

टी तपासायला दोन्ही पाईप टीमध्ये बसवा, दोन्हीची वरची टोकं एका उंचीला आणा आणि दोन्ही पाईपांवर एक जाड काचेचा तुकडा आडवा ठेवा. चारही कोपरे टेकले पाहिजेत. काच डुगडुगली तर टीचे बोल्ट ढिले करून पिळ काढा आणि परत बघा. तरीही डुगडुगली तर टी वाकलीय.

इथं हात थांबवा

टी वाकली, पाईपला सुरकुती किंवा केसाएवढी चीर दिसली, बॉटमचा एक्सलजवळचा भाग तडकला, फ्रेमचा पुढचा डोका, म्हणजे कोनसेट बसतो तो भाग, सरकल्यासारखा वाटला, तर पाने ठेवून द्या आणि गाडी टेम्पोत घालून चांगल्या मेकॅनिककडं न्या. चालवत नाही, टेम्पोत. अपघाताच्या गाडीला हे बघितल्याशिवाय सीलसुद्धा बदलू नये. ॲलन बोल्टची खाच पूर्ण गोल झाली असेल तर ड्रिलनं काढायचं काम टर्नरला द्या, हँड-ड्रिलनं बॉटम वाया घालवू नका. ४०-५०च्या वर हॅन्डल थरथरत असेल आणि टायर, स्पोक, कोनसेट, शॉकअप सगळं बघून झालं असेल तरीही जात नसेल, तर तिथंही माझ्यासारख्या रविवारच्या मेकॅनिकचं ऐकू नका. गॅरेजला मात्र नुसतं "सील बदला" सांगू नका. "पाईप डायलवर बघा आणि मला दाखवा" असं सांगा, काम कुठल्या दर्जाचं होणार ते समोरच्याच्या चेहऱ्यावर कळतं.

सगळं जोडल्यावर ब्रेकची केबल, स्पीडोमीटरची केबल, एक्सल, टीचे बोल्ट परत एकदा पान्यानं बघा. पहिली चक्कर गल्लीत, दुसरी रंकाळ्याला, आणि मग ज्योतिबाचा घाट, उतरताना पुढचा ब्रेक वापरत. घरी येऊन पांढरं फडकं. पहिल्या दिवशी ग्रीसचा कडा दिसेल, तो पुसून टाका, घाबरू नका. १००-१५० किलोमीटरनंतर परत फडकं फिरवा. कोरडं निघालं तर पुढचा पावसाळा येईपर्यंत तिकडं बघायचं काम नाही.

माझ्या गाडीला शेवटी मागच्या उन्हाळ्यात हार्डक्रोम करून घेतलं. डावा अजून कोरडा आहे. उजव्याला परवा जरा ओशट लागलं, एक्स-रेची पट्टी कापून ठेवलीय, रविवारी बघतो.